३३०६ वर कोण बसलंय?

जूनचा तिसरा आठवडा. शाळा नुकतीच उघडलेली. सुटायला अर्धा तास असताना ऑफिसच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. न्हावऱ्याच्या बाजूचे, फळांचा धंदा करणारे. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची जाडजूड फाईल.

"आपा, मेरे वालिद इधरीच पढे थे. उनका उतारा होना."

मुलाला इंजिनिअरिंगला जायचं होतं. जात वैधता प्रमाणपत्राच्या प्रकरणात पडताळणी समितीने त्रुटी काढली होती आणि पूर्ततेची तारीख परवाची होती. माझ्या वाचकांपैकी बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी घरांतल्या लोकांना यापुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आपल्या राज्यात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानली जाते. त्याच्या आधीचा, आजोबा-पणजोबांची जात लिहिलेला शाळेचा कागद मिळाला तर प्रकरण उभं राहतं. आमच्याकडे अडचण अशी की जुन्या काळी मास्तरांनी जातीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसतं 'मुसलमान' लिहून पुढची ओळ घेतली. ज्या मास्तरांनी पुढे 'बागवान' असा एक शब्द जादा लिहिला, त्यांना आज कित्येक घरं दुआ देतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. संगणकाशी माझा संबंध नाइलाजाने आला. लॉकडाऊनच्या आधीच्या एका सुट्टीत मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी जुन्या जनरल रजिस्टरांची सूची करायला घेतली. मूळ नोंदी उर्दूत, काही मराठीत, काही पानं वाळवीने खाल्लेली. मी फक्त पाच गोष्टी उतरवल्या: नाव, वलदियत, दाखल झाल्याचं साल, रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक. नाव दोन्ही लिप्यांत. कारण मराठीत रहमान, रहेमान, रेहमान अशी एकाच माणसाची तीन नावं होतात. उर्दूत ते एकच राहतं. सुरुवातीला उर्दू नावं साठवली की त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. मग तक्त्याची अक्षरपद्धत यूटीएफ-८ केली आणि नावं नावांसारखी दिसू लागली. चार सुट्ट्या त्यात गेल्या.

ही सूची मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये आहे. मला बरीच वर्षं वाटायचं की यातला 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं'. प्रत्यक्षात ते मुलीचं नाव आहे. फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांनी १९९५ साली आलेल्या या डेटाबेसला आपल्या लेकीचं नाव दिलं. पुढे २००९ मध्ये तो ओरॅकल कंपनीकडे जाणार असं ठरलं, तेव्हा त्याच मुळापासून त्यांनी वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारियाडीबी. झॅम्प नावाचा जो मोफत संच माझ्या भाच्याने शाळेच्या संगणकावर बसवून दिला होता, त्यात बटणावर नाव थोरलीचं असलं तरी आत काम धाकटीच करते.

मी त्या गृहस्थांना बसायला सांगितलं. "दो मिनिट," म्हटलं. संगणक सुरू केला, झॅम्पची छोटी खिडकी उघडली, स्टार्ट दाबलं. वेब सर्व्हर हिरवा झाला. डेटाबेसच्या नावावर क्षणभर रंग आला आणि गेला. खाली लाल अक्षरांत ओळी उमटल्या: सर्व्हर अनपेक्षितपणे बंद पडला, पोर्ट अडलेलं असेल, काही फाईल नसेल, परवानगी नसेल किंवा आणखी काही झालं असेल. थोडक्यात, काहीही झालेलं असू शकतं.

मी पुन्हा स्टार्ट दाबलं. पुन्हा तेच. चार-पाच वेळा दाबलं. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. शाळा सुटली. पाहुणे काही बोलत नव्हते, पण पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

मग मी ते केलं जे आपण सगळेच करतो. मोबाईलवर उपाय शोधला. कुणीतरी ठामपणे लिहिलं होतं की डेटा नावाच्या फोल्डरमधली आयबीडेटा-वन ही फाईल काढून टाका, सर्व्हर लगेच सुरू होतो. मी फोल्डर उघडलं, फाईल सापडली, निवडली. डिलीटच्या बटणावर बोट गेलं आणि नशीब की त्याआधी भाच्याला फोन लावायचं सुचलं.

भाचा माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. राहतो दौंडला, कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीत संगणकांचं काम बघतो. शिफ्ट सुटून बसमध्ये होता. मी काय करायला निघालेय ते ऐकलं आणि ओरडलाच.

"खाला, पैले हात उठाओ कीबोर्ड पर से!"

त्याने समजावलं ते असं. ती फाईल म्हणजे या डेटाबेसच्या घरातली मुख्य वही. कोणता तक्ता कुठे आहे त्याचा हिशेब तिच्यात असतो. ती काढली तर सर्व्हर खरंच सुरू होईल, कारण तो नवी कोरी वही करून घेईल. मग तुमच्या तक्त्यांची नावं दिसतील, पण उघडायला गेलात की असा तक्ताच नाही म्हणेल. चार सुट्ट्या गेल्या समजा.

"शेवटचा बॅकअप कधी घेतला होता?"

मी गप्प. दोन वर्षांपूर्वी याच पोराने घेऊन दिला होता. त्यानंतर मी हजारभर नोंदी वाढवल्या होत्या. वर्गात मुलांना रोज सांगते, लिहिलेलं जपून ठेवा.

"ठीक है. तर पहिलं काम दुरुस्ती नाही. पहिलं काम नक्कल."

सर्व्हर बंदच होता, त्यामुळे नक्कल घ्यायला हीच चांगली वेळ होती. चालत्या सर्व्हरचं फोल्डर नुसतं उचलून भागत नाही, कारण आत लिहिणं चालू असतं आणि नक्कल अर्धवट येते. मी झॅम्पच्या आतल्या मायएसक्यूएल फोल्डरमधलं डेटा फोल्डर अख्खंच्या अख्खं पेन ड्राईव्हवर घेतलं. एकटी माझ्या सूचीची फाईल नाही, सगळं. पट्टी भरत गेली तसा माझा श्वास जागेवर आला. आता काही बिघडलंच तरी आज दुपारी होतं तितकं तरी हातात राहणार होतं.

दुसरं काम वाचायचं. त्याच डेटा फोल्डरमध्ये मायएसक्यूएल-एरर नावाची लॉग फाईल असते. सर्व्हर प्रत्येक वेळी उठताना आणि पडताना त्यात दोन शब्द लिहून ठेवतो. नोटपॅडमध्ये उघडली आणि सरळ तळाशी गेले, कारण ताजी हकीकत शेवटी असते. तिथे लिहिलं होतं की पोर्टवर बसता आलं नाही, त्रुटी क्रमांक १००४८. आणि त्याच्या खाली चक्क प्रश्न होता: ३३०६ या पोर्टवर तुमचा दुसरा सर्व्हर आधीच चालू आहे का?

मला हसू आलं. अर्धा तास मी त्याला दामटत होते आणि तो बिचारा मलाच काहीतरी विचारत होता.

पोर्ट म्हणजे काय, हे मला अब्बांमुळे लगेच कळलं. अब्बा दौंड जंक्शनला बुकिंग क्लार्क होते. स्टेशन एक, पण खिडक्या अनेक. तिकीट इथे, चौकशी तिथे, पार्सल पलीकडे. संगणकाचंही तसंच. पत्ता एक, पण त्यावर ६५,५३५ पर्यंत क्रमांकांच्या खिडक्या. वेबपानं साधारणपणे ८० किंवा ४४३ वर मिळतात. डेटाबेसची ही जात ३३०६ वर बसते, तशी जगभर रीत आहे. सर्व्हर सुरू झाला म्हणजे क्लार्क आपल्या खिडकीत जाऊन बसला आणि 'बोला' म्हणाला. एका खिडकीत एका वेळी एकच. खुर्चीत कुणी असेल तर दुसरा आल्या पावली परत जातो. १००४८ चा अर्थ एवढाच.

तर खिडकीत कोण होतं? भाच्याने फोनवर सांगितलं आणि मी श्रुतलेखन घ्यावं तसं टाईप केलं. काळी कमांडची खिडकी. नेटस्टॅट, एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून ए एन ओ. पुढे उभी रेघ, फाइंडस्ट्र, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि ३३०६. एक ओळ आली. ओळीच्या शेवटी लिसनिंग, म्हणजे कुणीतरी ऐकत बसलं होतं, आणि त्यापुढे एक आकडा. हा आकडा त्या चालू कामाचा बिल्ला. टास्क मॅनेजरमध्ये तपशीलाच्या पानावर तोच बिल्ला शोधला. नाव निघालं मायएसक्यूएलडी.

म्हणजे दुसरा तिसरा कुणी नाही, आपल्याच जातीचा, दुसरा सर्व्हर!

मला वाटलं व्हायरस. किंवा कुणीतरी बाहेरून घुसलंय. "त्याला एंड टास्क करू का?" मी विचारलं. बोट पुन्हा तयारच होतं.

"खाला, कौन है वो तो पूछो पैले."

त्याच्या सांगण्यावरून उजवी टिचकी मारून फाईल कुठे आहे ते पाहिलं. रस्ता निघाला ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरचा. मग लक्षात आलं. मे महिन्यात आमच्या ग्रंथपाल बाईंनी पुस्तकांच्या नोंदीसाठी एक प्रोग्रॅम बसवून घेतला होता. त्या प्रोग्रॅमसोबत त्याचा स्वतःचा डेटाबेस आला आणि विंडोजची सेवा म्हणून बसला, म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप उठणारा. मी स्टार्ट दाबायच्या आधीच तो रोज ३३०६ वर जाऊन बसत होता. बसवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, त्यानेही रीतीचीच खिडकी घेतली. बाईंनी सगळी सुट्टी येऊन कपाटं उपसून नोंदी केल्या होत्या. मी ज्याला घुसखोर म्हणून उचलायला निघाले होते, त्याच्या पोटात दुसऱ्या एका बाईची सुट्टी होती.

आता मार्ग दोन होते. एक, सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती सेवा रीतसर थांबवायची आणि माझं काम झालं की पुन्हा सुरू करायची. रोजच्याला हे कटकटीचं, आणि विसरले तर बाईंचं काम अडणार. दुसरा, मी खिडकी बदलायची. आम्ही दुसरा घेतला.

झॅम्पच्या मायएसक्यूएलसाठी माय-डॉट-आयएनआय नावाची फाईल असते. आधी तिचीही नक्कल ठेवली. तिच्यात पोर्टचा आकडा दोन जागी येतो, एकदा क्लायंटच्या मथळ्याखाली आणि एकदा मायएसक्यूएलडीच्या. दोन्हीकडे ३३०६ चं ३३०७ केलं. ही खिडकी रिकामी आहे ना, ते तेच नेटस्टॅट नव्या आकड्याने चालवून आधी बघितलं. एकही ओळ आली नाही, म्हणजे रिकामी. स्टार्ट दाबलं.

हिरवा.

मी पाहुण्यांकडे बघून हसले, तेही हसले. मग सूचीचं पान उघडलं आणि पायाखालची जमीन सरकली. 'प्रवेश नाकारला.' सर्व्हर हिरवा, पण माझ्याच नोंदींना मला प्रवेश नाही.

भाच्याने विचारलं, "पान कुठल्या खिडकीवर जातंय?"

अर्थातच जुन्या. सर्व्हर ३३०७ वर गेला, पण सूचीच्या पानाला ते कुणी कळवलंच नव्हतं. ते सवयीने ३३०६ वर जाऊन ग्रंथालयाच्या क्लार्ककडे माझी रजिस्टरं मागत होतं, आणि तो ओळख नाही म्हणून हाकलत होता. त्याचं बरोबरच होतं. पानाच्या कोडमध्ये जोडणीची एक ओळ असते. तिच्यात सर्व्हर, नाव, पासवर्ड, डेटाबेस अशा चार गोष्टी होत्या. पाचवी म्हणून ३३०७ लिहिलं. पीएचपी-मायअॅडमिनच्या कॉन्फिग फाईलमध्येही पोर्टची ओळ घातली. पान पुन्हा उघडलं.

पाहुण्यांनी वालिदांचं नाव सांगितलं ते मराठीत टाकलं. काही नाही. आधार कार्डावर होतं तसं टाकलं. काही नाही. मग उर्दूत टाकलं आणि सोबत वलदियत. एक ओळ आली. साल १९५८, रजिस्टर चौथं, पान एकसष्ट.

लोखंडी कपाट उघडून मी चौथं रजिस्टर काढलं. पिवळं पान, निळीची शाई फिकी पडलेली. बोट ठेवत खाली गेले. नाव होतं, आजोबांचं नाव होतं, आणि कौमच्या रकान्यात सुरेख नस्तालीक हातात दोन शब्द होते. दुसरा शब्द 'बागवान'. मी वाचून दाखवलं. पाहुण्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या शब्दावर नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "ये है?" म्हटलं, "ये है."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने प्रवेश-निर्गम उतारा मिळाला आणि ते पुण्याला गेले.

त्या सकाळी चहा पिताना मी झॅम्पची खिडकी पुन्हा उघडून बसले होते. ३३०७ ची सोय झाली तरी त्या खिडकीला स्वतःला नवा आकडा सांगितला नव्हता, त्यामुळे ती अजून जुन्या आकड्याची तक्रार करत होती. पहिल्यांदा ती ओळ नीट वाचली: अडचण आढळली, पोर्ट ३३०६ अमुक ठिकाणचा प्रोग्रॅम वापरत आहे, पोर्ट मोकळं झाल्याशिवाय मायएसक्यूएल सुरू होणार नाही. ग्रंथालयाच्या फोल्डरचा पूर्ण रस्ता तिच्यात दिलेला होता. म्हणजे उत्तर काल दुपारपासून समोर होतं. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत गेले आणि प्रत्येक दाबण्याने ती ओळ आणखी वर सरकत गेली.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. दर वेळी दोष पोर्टचाच असतो असं नाही. वीज गेल्याने फाईल खराब होते, डिस्क भरते, परवानगी नसते. तेव्हा पोर्ट बदलून काही होत नाही. म्हणून आधी नक्कल, मग लॉगचा तळ, मग खिडकीत कोण आहे त्याची चौकशी, आणि त्यानंतरच हात लावायचा. पुसून टाकणं हा उपाय कुणी पहिल्याच ओळीत सांगितला तर तो माणूस तुमच्या चार सुट्ट्यांना ओळखत नाही, एवढं समजा.

रविवारी माहेरी गेले. शिरूरहून न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंड. अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण खिडकीची गोष्ट त्यांनी पुरी ऐकली. एंड टास्क म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "ड्युटी बदलताना आम्ही समोरच्याला उठ म्हणत नव्हतो. पुठ्ठ्याच्या तिकिटांचा शेवटचा नंबर लिहायचा, गल्ला मोजायचा, सही घ्यायची, मग तो उठायचा. मध्येच हाताला धरून उठवला तर पैसे कमी आले ते कुणाचे?"

भाचा आतून म्हणाला, "नाना, सेवा रीतसर थांबवणे म्हणतात त्याला."

जेवण झाल्यावर मी पेन ड्राईव्ह काढला. त्याने तेव्हाच लॅपटॉपवर लावून त्यातली सूची उघडून पाहिली, कारण न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो असं त्याचं म्हणणं. चौथं रजिस्टर, पान एकसष्ट, दोन्ही लिप्यांत दिसलं. मग अब्बांनी आपली पत्र्याची पेटी उघडली. पेन्शनची कागदं, अम्मीच्या मेहरची चिठ्ठी आणि रेल्वेचा जुना पास यांच्याशेजारी तो ठेवला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवा नेते आणि जुना परत आणते. अब्बा प्रत्येक वेळी तारीख विचारतात आणि वहीत लिहून सही घेतात.